सभागृह नसलेलं शहर: नाशिक, मार्च 2022 ते जानेवारी 2026

नाशिक महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत मार्च 2022 च्या मध्यावर संपली. त्यानंतर नाशिककरांनी नगरसेवक निवडायला मतदान केलं ते थेट 15 जानेवारी 2026 रोजी. मधली तीन वर्षं दहा महिने शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात महापौर नव्हता, स्थायी समिती नव्हती, आणि महासभेचे म्हणून जे ठराव होत होते ते प्रशासकांच्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या सहीने. तरीही नळाला पाणी आलं. घंटागाडी दारावरून गेली. सिटीलिंकच्या बस धावल्या. मग बिघडलं काय, असं विचारणारे नाशिकमध्ये कमी नाहीत. गंगापूर रोडच्या सोसायट्यांमध्ये तर ‘नगरसेवक नसलेलेच बरे’ हे वाक्य चहाबरोबर येतं. हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, म्हणूनच हे प्रकरण नीट मांडून बघायचं आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. प्रशासक राजवट नाशिकला नवी नाही. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची गावं एकत्र करून 1982 मध्ये महापालिका झाली, पण पहिली निवडणूक झाली 1992 मध्ये. जन्मल्यावर दहा वर्षं ही महापालिका प्रशासकांनीच चालवली. 1991 चा सिंहस्थही त्याच काळात पार पडला. त्यानंतर 2003 आणि 2015 च्या सिंहस्थांना सभागृह होतं. 2027 च्या सिंहस्थाची पायाभरणी मात्र पुन्हा सभागृहाविना झाली, आणि या प्रकरणाची खरी गाठ तिथेच आहे. तिच्याकडे येऊच.

इतकं लांबलं कसं

74 व्या घटनादुरुस्तीने पालिकांना पाच वर्षांची मुदत दिली आणि ती संपायच्या आत निवडणूक उरकली पाहिजे असं बंधन घातलं. सभागृह मध्येच बरखास्त झालं तरी सहा महिन्यांत निवडणूक. म्हणजे प्रशासक ही फार तर तात्पुरती सोय.

मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणाला तिहेरी चाचणी लावली: स्वतंत्र आयोग नेमा, संस्थानिहाय मागासलेपणाची आकडेवारी गोळा करा, एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या आत ठेवा. राज्याकडे आकडेवारी तयार नव्हती. त्यातच महाविकास आघाडी सरकारने चार सदस्यांच्या प्रभागांऐवजी तीन सदस्यांचे प्रभाग ठरवले आणि नगरसेवकांची संख्याही वाढवली. नाशिकच्या जागा 122 वरून 133 होणार होत्या. नकाशे निघाले, हरकती आल्या, इच्छुकांचे फ्लेक्स लागले. मार्च 2022 मध्ये कायदा बदलून प्रभागरचनेचे अधिकार राज्य सरकारने स्वतःकडे घेतले. जुलैमध्ये ओबीसींच्या आकडेवारीसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल न्यायालयाने मान्य केला, पण तोवर सरकार बदललं होतं. नव्या सरकारने तीनचे प्रभाग मोडून 2017 ची चारची रचना परत आणली. पुन्हा न्यायालय, पुन्हा ‘जैसे थे’. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांठिया अहवालाआधीचं ओबीसी आरक्षण धरून चार महिन्यांत निवडणुका घ्या असं बजावलं, आणि ती मुदतही पुढे 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढवून द्यावी लागली.

ओबीसी आरक्षणाचा प्रश्न खरा होता. प्रभाग तीनचा की चारचा, हा वाद मात्र राजकारणाने आपल्या सोयीने उभा केला. मुंबई वगळता राज्यातल्या महापालिकांत 2002 मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, 2007 मध्ये एकाचा, 2012 मध्ये दोघांचा, 2017 मध्ये चौघांचा. नाशिकच्या मतदाराने ओळीने चार निवडणुका चार वेगवेगळ्या पद्धतींनी दिल्या. कुठल्याही रचनेला मुरायला वेळच मिळाला नाही.

प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा

महापालिकेचा कारभार ज्या पायऱ्यांनी चालतो त्या कंटाळवाण्या आहेत, पण इथे त्यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही. खातेप्रमुख प्रस्ताव तयार करतो, आयुक्त तो पुढे पाठवतात. खर्चाचा असेल तर 16 सदस्यांच्या स्थायी समितीकडे, धोरणाचा असेल तर महासभेकडे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेकडे. विषयपत्रिका आधी वाटली जाते. पत्रकार ती वाचतात, विरोधक त्यातला एखादा आकडा पकडतात, आणि सभेत एखादा नगरसेवक उठून शहर अभियंत्याला विचारतो की हाच रस्ता मागच्या वर्षी केला होता, त्याचा ठेकेदार कोण होता. उत्तर टाळलं तरी टाळल्याची नोंद इतिवृत्तात राहते.

यातल्या अनेक प्रश्नांमागे लोकहित नसतं. ठेकेदाराशी बिनसलेलं असतं, टक्केवारीचा रुसवा असतो, किंवा आपल्या वॉर्डाला काही मिळालं नाही म्हणून दुसऱ्याचं अडवायचं असतं. ‘जादा विषय’ म्हणून ऐनवेळी घुसवलेल्या प्रस्तावांना हात वर करणारे हेच नगरसेवक. हे सगळं मान्य. पण हेतू काहीही असो, विचारलेल्या प्रश्नामुळे कागद उजेडात येतो. दोन लबाड एकमेकांवर पाळत ठेवतात त्यातून तिसऱ्याचा थोडा फायदा होतो, हे लोकशाहीचं फारसं उदात्त नसलेलं पण उपयोगी अंग आहे.

प्रशासक आल्यावर स्थायी समितीचे आणि महासभेचे अधिकार आयुक्तांकडेच येतात. आयुक्त म्हणून प्रस्ताव पाठवायचा आणि प्रशासक म्हणून तोच मंजूर करायचा. 2023, 2024 आणि 2025 ही तीन अंदाजपत्रकं अशी मंजूर झाली. आयुक्त चांगला की वाईट हा मुद्दा इथे येतच नाही. एकामागून एक आयुक्त बदलत गेले, त्यात कामसू अधिकारीही होते. अडचण अशी की चांगला निर्णय का चांगला, हेही जाहीरपणे कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. माहिती हवी तर माहिती अधिकारात अर्ज टाका, महिनाभर थांबा. सभेत जे उत्तर दोन मिनिटांत मागता येत होतं त्याला आता टपाल क्रमांक लागू लागला.

उलट बाजू बघायची तर 2018 चं वर्ष आठवावं. फेब्रुवारीत तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले. शिस्त लावली, ‘वॉक विथ कमिशनर’ सुरू केलं, आणि मिळकतींच्या करयोग्य मूल्याचे दर असे वाढवले की मोकळ्या भूखंडांपासून शहराच्या हद्दीतल्या शेतजमिनीपर्यंत सगळ्यांना झळ बसली. सभागृहात भाजपचे 66 नगरसेवक होते, स्पष्ट बहुमत. राज्यातही भाजपचंच सरकार, आणि 2017 च्या प्रचारात ‘नाशिक दत्तक घेतो’ म्हणणारे देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री. तरी याच सत्ताधाऱ्यांनी ऑगस्टमध्ये आपल्याच सरकारने पाठवलेल्या आयुक्तावर अविश्वास ठरावाची तयारी केली. मुख्यमंत्र्यांनी मध्यस्थी केल्यावर ठराव मागे घेतला गेला आणि नोव्हेंबरात मुंढे यांची बदली झाली. बदलीच्या वेळी त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरलेले नाशिककरही होते, आणि करवाढीने पोळलेले शेतकरीही होते. कोण बरोबर यावर आजही दोन तट पडतील. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की कर किती वाढावा यावर शहरात महिनोन्‌महिने उघड भांडण झालं. 2022 नंतर असं भांडायला जागाच राहिली नाही.

दारातला माणूस

सोसायटीच्या पातळीवर नुकसान वेगळं होतं. नगरसेवक म्हणजे महासभेतला वक्ता, हे पेपरातलं चित्र. सिडकोत, सातपूरला, पंचवटीत नगरसेवक म्हणजे ड्रेनेज तुंबल्यावर ज्याला रात्री साडेदहाला फोन करता येतो तो माणूस. ‘भाऊ, गाडी पाठवा ना’, एवढंच वाक्य. पाणी कमी दाबाने येतंय, घंटागाडीवाला गल्लीच्या तोंडाशीच थांबतो, कुत्र्यांची गाडी येत नाही, दहाव्याच्या दिवशी टँकर हवाय. या कामांसाठी शासकीय ॲप आहे, तक्रार क्रमांकही मिळतो. पण ॲपवर तक्रार ‘निकाली’ निघते तेव्हा ती खरोखर सुटली का, हे सांगायला कोणी दारात येत नाही.

आणि सही. आधारवरचा पत्ता बदलायला जो ठरावीक नमुना आहे त्यावर खासदार, आमदार, नगरसेवक यांची सही चालते. भाडेकरूंसाठी, नुकत्याच गावाहून आलेल्यांसाठी ही सही म्हणजे शहरात शिरण्याचा परवाना. मुदत संपल्यावर माजी नगरसेवकाच्या सहीला अर्थ उरला नाही. 122 जणांचा भार शहरातल्या मोजक्या आमदारांच्या कार्यालयांवर पडला. तिथे रांग लावायची तर अर्ध्या दिवसाची रजा, म्हणजे अंबडच्या कंपनीत रोजंदारीवर असणाऱ्याचा अर्धा पगार. गंगापूर रोडला हे जाणवलं नाही, यात नवल नाही. ज्यांचा बंगला स्वतःच्या नावावर आहे त्यांना नगरसेवकाच्या सहीची गरज पडत नाही.

बरेच माजी नगरसेवक या काळात स्वखर्चाने कामं करत राहिले, कारण निवडणूक आज ना उद्या येणारच होती. टँकर त्यांचा, बोअरची मोटार त्यांची, नवरात्रातल्या देवदर्शनाच्या बस त्यांच्या. हे कौतुकाने सांगितलं जातं. मला त्याची धास्ती वाटते. पद नसताना सेवा करायची तर खिशात पैसा हवा, आणि चार वर्षं खिशातून खर्च करणारा माणूस निवडून आल्यावर आधी काय बघेल हे सांगायला ज्योतिषी नको. ज्याच्याकडे पैसा नव्हता असा चांगला कार्यकर्ता या चार वर्षांत हळूहळू दिसेनासा झाला.

तपोवन

नोव्हेंबर 2025. गोदावरी आणि कपिलेच्या संगमाजवळच्या तपोवनात सिंहस्थासाठी साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची वसाहत, उभारायचं म्हणून महापालिकेने सतराशे-अठराशे झाडांच्या तोडीबाबत, पुनर्रोपणाबाबत नोटीस लावून हरकती मागवल्या. साधुग्राम तपोवनात होणं नवीन नाही. दर सिंहस्थाला ते तिथेच होतं. दोन सिंहस्थांमधल्या बारा वर्षांत तिथे झाडं वाढली होती, त्यातली काही पालिकेनेच लावलेली. शेकडो हरकती आल्या. सुनावणीत नागरिक आणि अधिकाऱ्यांची खडाजंगी झाली. लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. अभिनेते सयाजी शिंदे येऊन गेले आणि प्रकरण राज्यभर गाजलं. कुंभमेळा मंत्री गिरीश महाजन यांनी लहान झाडंच काढली जातील असं सांगितलं, बदल्यात 15,000 झाडं लावण्याचं जाहीर केलं, आंध्रातल्या राजमुंद्रीहून वाढलेली रोपं मागवली. डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने तोडीला अंतरिम स्थगिती दिली.

झाडं हवीत की साधुग्राम, या वादात मी इथे पडत नाही. साधूंना जागा लागणारच, आणि पंचवटीतल्या कित्येक कुटुंबांचं बारा वर्षांचं अर्थकारण सिंहस्थावर उभं असतं. बघायचं आहे ते निर्णय ज्या वाटेने आला ती वाट.

वृक्ष संरक्षणाच्या 1975 च्या राज्य कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष आयुक्त असतात आणि सदस्यांत नगरसेवक असतात. सभागृहच नसल्याने त्या खुर्च्या रिकाम्या. झाडं तोडायला परवानगी मागणारी महापालिका, तिचे प्रमुख प्रशासक. हरकती ऐकणारी यंत्रणाही त्यांच्याच हाताखालची. 2021 च्या दुरुस्तीने दोनशे किंवा त्याहून जास्त झाडांचा विषय राज्य पातळीवर न्यायची तरतूद केली, पण शहराच्या पातळीवर पहिला सवाल करणारं कोणी उरलं नव्हतं. सभागृह असतं तर झाडं वाचली असती का? खात्री नाही. कदाचित पंचवटीतल्या नगरसेवकांनी साधुग्रामाच्याच बाजूने हात वर केले असते. पण विषय महासभेत दोन-तीन महिने आधी आला असता, साधुग्रामाचा आराखडा टेबलावर आला असता, कुठली झाडं आणि का हे विभागवार विचारलं गेलं असतं. तसं न झाल्याने शहराला पहिली खबर मिळाली ती नोटिशीतून, आणि पहिली चर्चा झाली ती थेट आंदोलनात. मध्ये काही नव्हतंच.

राजकीय पक्षांचं वागणंही यात बघण्यासारखं होतं. निवडणूक तोंडावर असल्याने सत्तेतल्या मित्रपक्षांनाही झाडांचा पुळका आला. हेच पक्ष तीन वर्षं सभागृह नाही म्हणून गप्प होते.

चार बटणं

निवडणूक जाहीर झाली 15 डिसेंबरला. अर्ज भरायची शेवटची तारीख 30 डिसेंबर. त्या आठवड्यात नाशिकमध्ये जे झालं त्याला तोड नाही. आदल्या दिवशी एका युतीच्या आनंदात जाहीरपणे नाचलेला नेता दुसऱ्या दिवशी त्या युतीच्या विरोधातल्या पक्षात दाखल झाला. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे कागद, घेऊन निघालेल्या पदाधिकाऱ्याच्या गाडीचा इच्छुकांनी फार्महाऊसपर्यंत पाठलाग केला. चार वर्षं खिशातून खर्च केलेल्यांची उमेदवारी ऐनवेळी आलेल्यांनी खाल्ली, तेव्हा दुसरं काय होणार.

जागा पुन्हा 122, प्रभाग 31. चार सदस्यांचे 29 आणि तीन सदस्यांचे दोन. निम्म्या, म्हणजे 61 जागा महिलांच्या. प्रभागरचना 2011 च्या जनगणनेवर, कारण 2021 ची जनगणना झालीच नाही. त्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 14.86 लाख होती, म्हणजे एका प्रभागात सरासरी 48 हजार. पाथर्डी फाटा, मखमलाबाद, आडगावच्या बाजूने शहर त्यानंतर किती पसरलंय ते रोज दुचाकीवरून जाणाऱ्याला सांगायला नको.

मतदान यंत्रावर अ, ब, क, ड अशा चार जागा, पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा असे चार रंग. चारही बटणं दाबल्याशिवाय मत पूर्ण होत नाही. मत कुणाला गेलं ते चिठ्ठीवर दाखवणारं व्हीव्हीपॅट नाही. म्हाताऱ्या मतदारांना दुसऱ्या बटणानंतर ‘झालं’ वाटतं आणि केंद्रातला कर्मचारी ‘आजी, अजून दोन’ म्हणतो. ज्या मुलाची 2017 च्या मतदानानंतर काही महिन्यांनी अठरा वर्षं पूर्ण झाली, तो शहराच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत द्यायला आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता.

चारच्या प्रभागाचा पक्षांना फायदा उघड आहे: पॅनल करायचं, एका तगड्या उमेदवाराच्या जोरावर तीन कच्चे निवडून आणायचे. अपक्षाला 48 हजारांच्या प्रभागात फिरणं परवडत नाही. निवडून आल्यावर चौघांची जबाबदारी सामाईक, म्हणजे रस्त्यावरचा खड्डा नेमका कोणाचा हे कोणालाच सांगता येत नाही. चौघे एका पक्षाचे असतील तर आपसांत भाग वाटून घेतात. दोन-दोन असतील तर एकाच चेंबरच्या कामाचे दोन फलक लागतात. प्रशासक काळात लोकांकडे विचारायला माणूसच नव्हता. आता चार आहेत आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो.

16 जानेवारीला निकाल लागला. भाजपला पुन्हा स्पष्ट बहुमत मिळालं, शिंदेंची शिवसेना दुसऱ्या क्रमांकावर राहिली. 2012 मध्ये 40 जागा घेऊन महापौरपद मिळवणारी मनसे आता नाममात्र उरली.

सभागृह आलं, पण ज्या विषयासाठी ते सगळ्यात जास्त हवं होतं तो विषय बराचसा त्याच्या हातातून निसटलेला आहे. 2025 मध्येच राज्य सरकारने नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण स्थापन केलं, त्याचे अध्यक्ष विभागीय आयुक्त. सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला, पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला. मोठी कामं ठरली, निविदा निघाल्या, त्यातली कित्येक सुरूही झाली. सिंहस्थ संपल्यावर मात्र हे रस्ते, पूल, मलनिस्सारण केंद्रं सांभाळायची, त्यांची वीजबिलं भरायची, दुरुस्ती करायची ती महापालिकेने, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीतून. तेव्हा करवाढीचा प्रस्ताव महासभेत येईल, आणि 122 जणांना अशा खर्चावर मत द्यावं लागेल जो ठरला तेव्हा त्यांच्यातलं कोणीच सभागृहात नव्हतं.